अंडं उकडलं, डॉक्टर नाही

1774 साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डन नावाचा डॉक्टर भट्टीसारख्या तापवलेल्या खोलीत शिरला. एका फेरीत हवेचं तापमान सुमारे 127 अंश सेल्सिअसवर गेलं होतं. खोलीत ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत कडक झाली, मांसाचा तुकडा भाजून वाळला. ब्लॅग्डन मात्र काही मिनिटांनी घामाने निथळत चालत बाहेर आला. आणखी एका फेरीत त्याने एक कुत्रीही नेली. लादीने पाय भाजू नयेत म्हणून टोपलीत बसवून. तीही धापा टाकत सुखरूप परतली.

त्याचा मला सर्वांत आवडलेला प्रयोग मात्र अगदी साधा आहे. त्याने खोलीत पाण्याची दोन भांडी ठेवली. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात पाण्यावर तेलाचा तवंग. तवंगाखालचं पाणी उकळलं, उघडं पाणी उकळलंच नाही. त्याची वाफ होत होती आणि जाताना ती उष्णता घेऊन जात होती.

म्हणजे आपला माठच की! माठ पाझरतो, आपण घामेजतो. एक लिटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता नेतो. तेवढ्यात आठेक लिटर साधं पाणी उकळीला येईल. फक्त माठाला डोकं नसतं, आपल्याला असतं. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस रक्ताचं तापमान सतत चाचपतो. ते जरा चढलं की त्वचेकडे रक्त वळवतो, घाम सोडतो. उतरलं की हुडहुडी भरवतो. ताप येतो तेव्हा तो स्वतःच 37 ची खूण वर सरकवतो. म्हणून अंग तापलेलं असूनही आपण गोधडी मागतो.

घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. ओघळून गेलेला थेंब फुकट. मे महिन्यात नागपुरात पारा 45 वर असताना माठातलं पाणी गार लागतं आणि मुंबईत 34 लाच कोमट, ते याचमुळे. ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापकसुद्धा 35 च्या वर दाखवू लागला, तर सावलीत बसून पाणी पिणारा धडधाकट माणूसही काही तासांत तापत जातो. अंगावर घाम असतो, पण हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की ब्लॅग्डनच्या त्या भांड्यावरचा तवंगच जणू आपल्यावर चढलेला असतो.