पार्श्वभूमी : आईचा आनंद आणि पलंगाखालची झडती

‘मी आनंद निवडते’ हे वाक्य अमेरिकेतील कृष्णवर्णीय आया गेली काही वर्षे आग्रहाने उच्चारत आहेत. (मराठीत ‘काळी आई’ म्हटले की शेतजमीन डोळ्यांपुढे येते, म्हणून इथे कृष्णवर्णीय हा जरा जडच शब्द वापरला आहे.) दुरून ऐकणाऱ्याला ते सकारात्मक विचारांच्या पुस्तकातले वाटते. ते तसे नाही. या आयांचे हसणे, सजणे, कोणाला घरी बोलावणे, आणखी एक मूल होऊ देणे या सगळ्याची नोंद सरकारी कागदांत वर्षानुवर्षे त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून झाली. आनंदाच्या या आग्रहाचे मूळ तिथे आहे.

गुलामीचा काळ वाचकांना ठाऊक आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघाली तेव्हा तिची अर्पणपत्रिकाच गुलामी संपवणाऱ्या अमेरिकी लोकांच्या नावे होती. एकच गोष्ट लक्षात ठेवायची : व्हर्जिनियात १६६२ पासून कायदा होता की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम. बाप कोण, याला अर्थ नव्हता. बाळंतपण म्हणजे मालकाच्या मालमत्तेत भर. गुलामी गेल्यावर या आया वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन विकली गेलेली मुले शोधत राहिल्या.

१९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने कर्ता पुरुष नसलेल्या घरांतील मुलांसाठी मासिक मदत सुरू केली. पैसा काही केंद्राचा, काही राज्याचा, पण तो कोणाला द्यायचा हे ठरवणार स्थानिक अधिकारी. याच कायद्याच्या वृद्धापकाळ विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते, आणि दक्षिणेत कृष्णवर्णीय बायका बहुतेक करून हीच कामे करत. लुईझियानाने १९४३ मध्ये नियम केला की कापूस वेचणीच्या दिवसांत, कामाला जाऊ शकणाऱ्या आईला मदत नाही. गोऱ्या आईने घरी राहून मुले वाढवावीत म्हणून आखलेली योजना कृष्णवर्णीय आईच्या दाराशी येताच उलटी फिरली.

यातला सर्वांत गुंतागुंतीचा शब्द म्हणजे ‘योग्य घर’. नियमपुस्तकात तो निरुपद्रवी दिसतो. मुलाला योग्य घर असावे, याला कोण नाही म्हणेल? पण योग्य कशाला म्हणायचे ते कायद्यात नव्हते, आणि ती मोकळी जागा राज्यांनी आपापल्या मताने भरली. लग्नाविना मूल झाले, घर अयोग्य. घरात पुरुष येतो-जातो, घर अयोग्य. लुईझियानाने १९६० साली या एका शब्दाच्या जोरावर सुमारे २३ हजार मुलांची मदत तोडली. त्यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय होती, आणि त्या वेळी तिथे शाळांतील वर्णभेद मोडण्यावरून रान पेटले होते. या दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हा योगायोग होता असे मला वाटत नाही.

केंद्राने १९६१ च्या सुरुवातीला हस्तक्षेप केला : घर अयोग्य म्हणून मुलाला नुसते वाऱ्यावर सोडता येणार नाही, घर सुधारायला मदत करा, नाहीतर मुलाची दुसरीकडे सोय लावा. हेतू चांगला होता. पण त्याच वर्षी ‘दुसरीकडे’ ठेवलेल्या मुलांसाठीही केंद्राचा पैसा मिळू लागला. काल ज्या आईचे पैसे तोडले जात होते, तिचे मूलच आता काढून नेता येऊ लागले. हा निर्णय सुधारणा म्हणून शिकवला जातो. मला तो या सगळ्या कहाणीतला सर्वांत घातक वळसा वाटतो, कारण आज कृष्णवर्णीय मुलांपैकी निम्म्याहून अधिकांच्या घरी, ती १८ वर्षांची होईपर्यंत, बालसंरक्षण खात्याची चौकशी एकदा तरी येऊन जाते.

दुसरा नियम ‘घरातल्या पुरुषा’चा. आईचे कोणाशी संबंध असतील तर तो माणूस मुलांचा ‘पर्यायी बाप’ ठरे, मग त्याने दमडी दिलेली नसो. हे सिद्ध करायला तपासनीस अवेळी दार वाजवत, कपाटे उघडत, पलंगाखाली वाकून बघत. कॅलिफोर्नियातील अलमेडा काउंटीत १९६३ च्या जानेवारीत एका रविवारी भल्या पहाटे अशी सामूहिक झडती निघाली. खात्यातल्या एका अंध कर्मचाऱ्याने जायला नकार दिला. त्याची नोकरी गेली. चार वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला.

अलाबामात हा नियम १९६४ मध्ये आला आणि जानेवारी १९६७ पर्यंत मदत घेणाऱ्या मुलांची संख्या सुमारे १६ हजारांनी, म्हणजे २२ टक्क्यांनी घटली. त्यात सेल्माजवळ राहणाऱ्या एका बाईची चार मुले होती. ती पहाटे साडेतीनपासून दुपारी बारापर्यंत स्वयंपाकीण आणि वाढपी म्हणून राबे आणि आठवड्याला १६ ते २० डॉलर कमवी. शनिवार-रविवारी एक माणूस तिला भेटायला येई. त्याला स्वतःची नऊ मुले होती. हिच्या मुलांना पोसणे त्याला शक्य नव्हते आणि कायद्याने बंधनकारकही नव्हते. तरी मदत तोडली गेली. १९६८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तिच्या बाजूने निकाल दिला, पण बाप म्हणजे कायद्याने पोषणाची जबाबदारी असलेला माणूस, एवढ्या शब्दार्थावर. वर्णभेदाच्या प्रश्नाला निकालाने हात घातला नाही. आठवडाभर राबणाऱ्या बाईला शनिवारची संध्याकाळ आपली म्हणता येते का, हा प्रश्न तर कोर्टापुढे नव्हताच. १९७१ मध्ये त्याच न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका आईच्या खटल्यात उलट बाजूने सांगितले की तपासनिसाला घरात घेतले नाही तर मदत थांबवता येते.

दरम्यान १९६५ मध्ये कामगार खात्यातील एका अधिकाऱ्याचा कृष्णवर्णीय कुटुंबांवरचा अहवाल बाहेर आला. त्याने बेकारीबद्दल बरेच सांगितले, पण लोकांच्या लक्षात राहिले ते ‘मातृसत्ताक कुटुंब’ हे दूषण. १९७६ च्या निवडणूक प्रचारात शिकागोच्या एका बाईची गोष्ट फिरली : ८० नावे, ३० पत्ते, दीड लाख डॉलर. तिच्यावर सिद्ध झालेली रक्कम त्याच्या जवळपासही नव्हती. पण ‘वेल्फेअर क्वीन’, म्हणजे सरकारी मदतीवर ऐष करणारी राणी, हा शब्द राहिला. आलिशान कॅडिलॅक मोटारीतून फिरणारी, खुशाल जगणारी कृष्णवर्णीय आई हे चित्र त्याने लाखो मतदारांच्या मनात बसवले. त्या चित्रातला गुन्हा गरिबीचा नव्हता, खुशालीचा होता.

न्यू जर्सीने १९९२ मध्ये कायदा केला की मदत चालू असताना मूल झाले तर त्याच्यासाठी रक्कम वाढणार नाही. तो रद्द व्हायला २०२० उजाडले. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने केंद्राच्या पैशातून मिळणाऱ्या मदतीला आयुष्यभरात ६० महिन्यांची मर्यादा घातली.

त्याआधीच, १९९४ मध्ये, शिकागोत १२ कृष्णवर्णीय बायकांनी ‘प्रजनन न्याय’ ही कल्पना मांडली. मूल नको म्हणण्याचा हक्क, मूल होऊ देण्याचा हक्क, आणि जन्मलेले मूल सुरक्षित वस्तीत वाढवण्याचा हक्क. तिसरा हक्क त्यांनी मुद्दाम जोडला, आणि आजच्या ‘आनंदा’ची भाषा त्यातूनच निघाली असे मी मानतो. ‘ब्लॅक जॉय’ (कृष्णवर्णीयांचा आनंद) हे शब्द २०१५ नंतर सर्वतोमुखी झाले, पोलिसांच्या हातून होणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मृत्यूंविरुद्धच्या आंदोलनांच्या ऐन धामधुमीत, जेव्हा बातम्यांत या आया फक्त रडताना दिसत होत्या.

‘निवड’ या शब्दावर त्यांच्यातच मतभेद आहेत. निवडीची गोष्ट केली की जबाबदारी पुन्हा आईच्याच पदरात पडते, असे काहींचे म्हणणे, आणि ते खोडून काढण्याजोगे नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे ५०.३ कृष्णवर्णीय माता दगावल्या. गोऱ्यांमध्ये हा आकडा १४.५. जगप्रसिद्ध कृष्णवर्णीय टेनिसपटू सेरेना विल्यम्सलाही २०१७ मध्ये बाळंतपणानंतर, आपल्या फुप्फुसात गुठळ्या झाल्या असाव्यात, तपासणी करा, म्हणून रुग्णालयात आग्रह धरावा लागला. आनंद निवडल्याने गुठळी विरघळत नाही.

मिसिसिपीतील जॅक्सन शहरात २०१८ च्या अखेरीस एक छोटा प्रयोग सुरू झाला. अनुदानित घरांत राहणाऱ्या २० कृष्णवर्णीय आयांना वर्षभर दरमहा एक हजार डॉलर. हिशेब मागायचा नाही, घरी तपासनीस नाही, पैसे कशावर घालवले हे विचारणे नाही. २०२१ मध्ये केंद्राने सहा महिने देशभरातील बहुतेक पालकांना मुलामागे दरमहा पैसे दिले. कर आणि सरकारी मदत धरून मोजलेली बालगरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. मग ते थांबले आणि २०२२ मध्ये ती १२.४ वर गेली. जॅक्सनची योजना पुढच्या तुकड्यांनी चालू राहिली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये शहराचा पाणीपुरवठा कोलमडला, तेव्हाही.