आत्मत्याग (ख्रिस्ती धर्म)

आत्मत्याग : ‘मी’भोवती फिरणारे जगणे सोडून ख्रिस्ताच्या इच्छेप्रमाणे आणि शेजाऱ्याच्या हितासाठी जगण्याची ख्रिस्ती साधना. उपवास, ब्रह्मचर्य, दानधर्म ही तिची बाह्य अंगे. पण कडक उपवास करणारा माणूसही पुरता आत्मकेंद्री असू शकतो. सर्वस्व गोरगरिबांना वाटून टाकले आणि अंगी प्रीती नसली तर काहीच लाभ नाही, असे येशूचा प्रेषित पौल करिंथकरांना बजावतो (१ करिंथ १३:३).

साधनेचे मूळ वचन शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रग्रंथांत) ज्या जागी येते ती जागा लक्षात घेण्यासारखी आहे. येशूने आपल्या दुःखभोगाचे आणि मरणाचे भाकीत केले, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागला. गुरूने असे भलतेच बोलू नये, हा त्याचा आग्रह होता. त्यावर येशूने शिष्यांसह लोकांनाही जवळ बोलावले आणि सांगितले, की माझ्यामागे येऊ पाहणाऱ्याने आत्मत्याग करावा व आपला वधस्तंभ उचलून घ्यावा (मार्क ८:३१–३४). लूकच्या पाठात ‘दररोज’ हा शब्द अधिक आहे (९:२३). हौतात्म्य एखाद्याच्याच वाट्याला येते. हा ‘दररोज’ मात्र सगळ्यांना लागू पडतो. फिलिप्पैकरांस पत्रात पौलाने याला ख्रिस्ताचाच आधार दिला. देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिक्त केले आणि दासाचे रूप घेतले, तेव्हा तीच चित्तवृत्ती तुमच्यात असू द्या, असे तो सांगतो (२:५–८).

या आत्मकेंद्रीपणाच्या दोषाचे निदान करणाऱ्यांत धर्मचिंतक ऑगस्टीन (३५४–४३०) आणि प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन ल्यूथर हे प्रमुख. देवाला तुच्छ लेखण्यापर्यंत गेलेले स्वप्रेम आणि स्वतःला तुच्छ लेखण्यापर्यंत गेलेले देवप्रेम, अशा दोन प्रेमांतून ऐहिक आणि स्वर्गीय अशी दोन नगरे उभी राहिली, असे ऑगस्टीन मांडतो. ल्यूथरने १५१५–१६ मधील रोमकरांस पत्रावरील व्याख्यानांत याच्याही पुढे जाऊन म्हटले, की माणूस स्वतःकडेच वाकलेला आहे. इतका, की तो देवालाही स्वतःच्या लाभासाठीच शोधतो. हा बाक माणसाला स्वप्रयत्नाने काढता येत नाही, त्याला कृपाच लागते, हे त्याचे ठाम मत होते.

साधनेतली खरी गोम इथेच आहे. ‘मी’ घालवण्याच्या खटपटीत लक्ष सगळे ‘मी’वरच राहते. इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांना हे चौथ्या शतकातच उमगले होते. त्यांची शिकवण पश्चिमेकडे नेणारा जॉन कॅसियन सांगतो, की पोकळ कीर्तीचा मोह वडीलधारे साधू कांद्यासारखा मानत. एक पापुद्रा काढावा तर खाली दुसरा तयार. भरजरी वस्त्रांचा गर्व सोडलेल्याला फाटक्या कफनीचा गर्व जडतो.

म्हणून टिकाऊ ठरलेल्या परंपरांनी मनापेक्षा हाताला काम दिले. सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठ-नियमावलीत नम्रतेच्या बारा पायऱ्यांचे सातवे प्रकरण प्रसिद्ध आहे. माझ्या मते त्याहून बोलके आहे ते स्वयंपाकघराचे पस्तिसावे प्रकरण. मठातील बंधूंनी, म्हणजे साधूंनी, आळीपाळीने एकमेकांना वाढायचे; आजारी किंवा महत्त्वाच्या कामात गुंतलेला वगळता कोणालाही सूट नाही. शनिवारी पाळी संपणाऱ्याने झाडलोट करायची आणि बंधूंनी हातपाय पुसलेले पंचे धुवायचे. मग त्याने आणि नव्या पाळीवाल्याने मिळून सर्वांचे पाय धुवायचे. भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठाराच्या कारभाऱ्याला परत करायची. पाय धुण्याची ही कल्पना अर्थातच येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या योहानाच्या शुभवर्तमानातील प्रसंगातून आलेली (१३:१–१५). ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी चर्चमध्ये होणारा पाय धुण्याचा विधीही त्याच प्रसंगाचा. कॅथलिक उपासनेत त्यासाठी पुरुषच निवडण्याचा नियम होता. पोप फ्रान्सिस यांच्या सूचनेनुसार २०१६ मध्ये तो बदलला आणि स्त्रियांनाही वाव मिळाला.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) याची पद्धत निराळी. हा मूळचा मानी दरबारी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत पाय मोडला, तेव्हा वर आलेले हाड कुरूप दिसते म्हणून त्याने ते जिवंतपणी करवतीने कापून घेतले होते! पुढे त्याने आखलेली आध्यात्मिक साधना १५४८ मध्ये छापली गेली. पूर्ण साधना सुमारे तीस दिवसांची. तिच्यातील विशेष आत्मपरीक्षणात माणसाने एकच दोष निवडायचा, दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तो किती वेळा घडला हे आठवायचे आणि कागदावरील रेघेवर तेवढे ठिपके द्यायचे. दोष घडताक्षणी छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही कोणाच्या लक्षात येत नाही. ही हिशेबवही पुन्हा ‘मी’चीच झाली, असा आक्षेप घेता येतो. पण साधना तिथे थांबत नाही. अखेरीस साधक आपले स्वातंत्र्य, स्मृती, बुद्धी आणि इच्छा देवाच्या स्वाधीन करतो.

प्रॉटेस्टंटांमध्ये धर्मसुधारक कॅल्विनने आत्मत्यागाला ख्रिस्ती जीवनाचे सार मानले. मेथडिस्टांची करारसेवा, म्हणजे देवाशी असलेला करार नव्याने करण्याची उपासना, त्या पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने १७५५ मध्ये सुरू केली. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती सेवासंघटनेचा आत्मत्याग सप्ताह १८८६ पासूनचा. एखादा आवडीचा पदार्थ किंवा चैन सोडून वाचलेले पैसे सेवाकार्याला द्यायचे. याच मुक्तिफौजेचे फ्रेडरिक टकर सनदी नोकरीचा राजीनामा देऊन १८८२ मध्ये मुंबईत उतरले. त्यांनी भगवी वस्त्रे घातली, ते अनवाणी हिंडले आणि भिक्षेवर राहिले. राज्यकर्त्यांच्या जातीतल्या माणसाने हे करणे तेव्हाच्या गोऱ्या समाजाला मुळीच रुचले नाही.

मराठीत हा विचार भक्तिपरंपरेच्या भाषेत आणला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९). अभंग-ओवीची वाट त्यांना परकी नव्हती, आणि संतांनी ‘मीपणा’वर केलेला हल्ला मराठी कानांना ओळखीचा होता. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही ख्रिस्तभक्त त्यात येऊ शकत. त्यांच्या निःसंगपणाची झळ घराला कशी बसे, हे लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त हसतखेळत, पण काही न लपवता लिहून ठेवले आहे.

एकाचा त्याग दुसऱ्याच्या माथी पडतो, ही तक्रार पुढे धर्मशास्त्रातही आली. अमेरिकन विदुषी व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० मधील लेखात दाखवून दिले, की अहंकार हे मूळ पाप ही मांडणी पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. पुष्कळ स्त्रियांचा दोष याच्या उलट, स्वत्व घडण्याआधीच ते इतरांत विरून जाण्याचा असतो. अशा व्यक्तीला आणखी आत्मत्याग शिकवणे म्हणजे दुखण्यावर दुखणेच देणे. मारझोड सोसणाऱ्या पत्नीला ‘हा तुझा वधस्तंभ’ असे सांगण्याची रीत या टीकेनंतर अनेक चर्चमध्ये प्रश्नांकित झाली. आत्मत्याग स्वेच्छेने केलेला असावा, तो दुसऱ्याने लादता येत नाही, हा मुद्दा तेव्हापासून अधिक आग्रहाने मांडला जातो. त्यासाठी योहानाच्या शुभवर्तमानातील येशूच्याच उद्गारांचा आधार घेतात, की माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी होऊन तो देतो (१०:१८).