विमानतळांमधील अंतर व उड्डाणकाळ

दोन विमानतळांना जोडणाऱ्या, पृथ्वीच्या पृष्ठभागावरील सर्वांत लहान रेषेची लांबी म्हणजे त्यांच्यातील हवाई अंतर होय. पृथ्वी गोल मानल्यास ही रेषा बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने आखलेल्या वर्तुळाचा, कंस असते. मोजणी टर्मिनलच्या दारापासून होत नाही. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरवलेला असतो व त्याचेच अक्षांश-रेखांश हिशेबात घेतात.

उलवे-पनवेल परिसरातील नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळ (प्रवासी वाहतुकीस प्रारंभ २५ डिसेंबर २०२५) साधारण १८.९९ अंश उत्तर व ७३.०७ अंश पूर्व येथे आहे, तर दिल्लीचा विमानतळ २८.५७ उत्तर व ७७.१० पूर्व येथे. गोलीय त्रिकोणमितीने या दोन बिंदूंनी पृथ्वीच्या केंद्राशी केलेला कोन सुमारे १०.२६ अंश येतो. एका अंशात ६० कला आणि एका कलेला जवळजवळ एक सागरी मैल (१.८५२ किमी), म्हणून कोनाला ६० ने गुणले की ६१६ सागरी मैल, अर्थात सुमारे १,१४० किमी हे अंतर मिळते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने लंबगोलाच्या सूत्राने हाच आकडा तीन-चार किलोमीटरने कमी भरतो. तिकीट काढणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही.

मुंबईचा जुना विमानतळ नवी मुंबईच्या विमानतळापासून सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर असूनही दोन्हींपासूनच्या दिल्लीच्या अंतरात जेमतेम दोन-तीन किलोमीटरचा फरक पडतो. ठाण्याच्या प्रवाशाला खरा फरक जाणवतो तो जमिनीवर: ठाणे-बेलापूर रस्त्याने जायचे की पूर्व द्रुतगती महामार्गाने, हा प्रश्न हवाई अंतराच्या कोणत्याही सूत्रात येत नाही.

अंतर स्थिर असते, उड्डाणकाळ मात्र नसतो. अंतराला ताशी ८०० किमीने भागून चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवण्याची रीत रूढ आहे. या रीतीनुसार दिल्लीसाठी सुमारे १ तास ५५ मिनिटे येतात. हा अंदाजच समजावा. विमान सरळ रेषेत जातही नाही: नवी मुंबईची धावपट्टी जवळपास पूर्व-पश्चिम असल्याने दिल्लीकडे निघालेल्या विमानाला उड्डाणानंतर उत्तरेकडे वळावे लागते, पुढे ठरलेल्या हवाई मार्गाने जावे लागते, आणि उतरताना गर्दी असल्यास आकाशात घिरट्याही घालाव्या लागतात.

सर्वांत मोठा फरक वाऱ्याचा. हवेच्या तुलनेत ताशी ८३० किमी वेगाने जाणाऱ्या विमानाला ताशी १०० किमीचा पश्चिमी वारा लाभला, तर नवी मुंबईपासून कोलकात्यापर्यंतचे सुमारे १,६५० किमी अंतर पाऊणे दोन तासांच्या आसपास कापले जाते. परतताना तोच वारा समोरून आल्यास सव्वादोन तास लागतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरून खूप उंचीवर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान जेट वाऱ्यांमुळे असा फरक विशेष जाणवतो.

वेळापत्रकातील वेळ हवेत घालवलेल्या वेळेपेक्षा जास्त असते, कारण तीत विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा काळ धरतात; धावपट्टीपर्यंत सरकणे व तिथे रांगेत थांबणे हेही त्यातच आले. परदेशी प्रवासात आणखी एक खाच असते. दोन्ही टोकांच्या वेळा स्थानिक घड्याळाप्रमाणे छापतात आणि दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. त्यामुळे सकाळी १० वाजता निघून ११:४५ ला दुबईत पोहोचणारे विमान प्रत्यक्षात सव्वातीन तास घेते.