दुकानातली वाट तीन फूट ठेवा : रॅक आणि रॅम्पची ऑर्डर देण्याआधी वाचायचे पत्रक

आमच्या वर्कशॉपमधून रॅक, काउंटर, शटर आणि रॅम्प करून घेणाऱ्या दुकानदार मंडळींसाठी

रॅकची ऑर्डर द्यायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण एकच विचारतो, माल किती बसेल? वाट किती उरेल हे फारसे कोणी विचारत नाही. आम्ही विषय काढला तर उत्तर तयार असते, "आपल्या इथं व्हीलचेअरवर कोण येते भाऊ?" येत नाही हे खरे. ओट्याच्या पायऱ्या आणि दारातले तेलाचे पिपे पाहून तो माणूस पोराच्या हाती चिठ्ठी देतो आणि स्वतः रस्त्यावरच थांबतो. मग चिठ्ठीत जेवढे लिहिले तेवढेच विकले जाते.

शिवाय प्रश्न फक्त व्हीलचेअरचा नाही. गुडघे गेलेल्या आजीबाई आहेत, वॉकर धरून येणारे काकाजी आहेत. आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच, त्यात खुब्याचे हाड खराब होऊन तरुणपणीच लंगडणारे असतात. आणि महालक्ष्म्यांना, दिवाळीला पुण्या-नागपुराहून लेकी माहेरी येतात त्या आता बाबागाडी घेऊन येतात. नेमका तेव्हाच दुकानात खोक्यांचा ढीग असतो.

किती जागा लागते

साधी व्हीलचेअर साधारण सव्वादोन फूट रुंद असते. म्हणून अडीच फुटांची वाट पुरेल असे वाटते. पण चाक हाताने ढकलायचे असते, कोपर बाहेर येतात आणि बोटांची सालटे रॅकच्या अँगलला निघतात. म्हणून सरळ वाट कमीत कमी तीन फूट हवी. शेजारून दुसरा माणूस जायचा असेल तर चार. खुर्ची जागच्या जागी वळवायला पाच बाय पाच फूट मोकळे लागतात. वाट भिंतीशी संपत असेल आणि तिथे एवढी जागा नसेल, तर गिऱ्हाइकाला उलटे मागे यावे लागते. त्यापेक्षा मधला रॅक भिंतीपासून सोडून ठेवा, म्हणजे एका बाजूने आत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येईल. बाबागाडीला रुंदी कमी लागते, व्हीलचेअर जिथे जाते तिथे ती जातेच.

आता दहा फूट रुंद गाळ्याचा हिशोब करू. दोन्ही भिंतींना पंधरा इंची रॅक लावले की अडीच फूट गेले, उरले साडेसात. मधे तीन फुटी दुहेरी रॅक टाकला तर दोन्हीकडे सव्वादोन-सव्वादोन फूट राहतात, म्हणजे चाकाची गाडी आत येणारच नाही. मधला रॅक दीड फुटी घेतला तर दोन्हीकडे बरोबर तीन-तीन फूट मिळतात. तीन फुटी रॅकमध्ये लोखंड जास्त, म्हणजे आमचे बिलही जास्त. तरी दहा फुटी गाळ्यासाठी आम्ही तो सुचवत नाही.

ही सगळी मापे रिकाम्या दुकानाची. खरी रुंदी माल लागल्यावर कळते. वाट मोजायची ती सगळ्यात अरुंद जागी, कारण चाक तिथेच अडते. किराण्यात झाडू, साखरेचे कट्टे आणि वेफर्सच्या लडी वाटेत येतात. कृषी केंद्रात जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या आणि युरियाची थप्पी दारापर्यंत पोचते. यावर आमचा उपाय साधा आहे. पीव्हीसी पाइपचा बरोबर तीन फुटांचा तुकडा घ्या, कमरेच्या उंचीवर आडवा धरा आणि दारापासून गल्ल्यापर्यंत चालत जा. जिथे तो अडेल तिथला माल हलवा. मग फरशीवर पिवळ्या ऑइलपेंटचे दोन पट्टे मारा आणि नोकराला सांगून ठेवा, पट्ट्याच्या आत कट्टा ठेवायचा नाही. पाइपचा तुकडा आम्ही रॅकसोबत तसाच देतो.

ओटा आणि रॅम्प

रॅम्पचा नियम सोपा आहे : एक इंच उंचीला एक फूट लांबी. सहा इंचाची पायरी असेल तर रॅम्प सहा फुटांचा. दीड फुटाचा ओटा असेल तर अठरा फुटांचा, आणि तो नालीवरून थेट रस्त्यात उतरवता येत नाही. तेव्हा तो ओट्याला समांतर, दुकानाच्या दर्शनी भिंतीच्या कडेने न्यावा. दारासमोर पाच फूट सपाट जागा सोडायची, नाहीतर शटर उघडताना माणूस उतारावरच लटकतो. "चार फुटांत बसवून द्या ना" असे म्हणणारे खूप भेटतात. तसल्या उतारावर खुर्ची मागे उलटते. तसा रॅम्प आम्ही करत नाही. जागाच नसेल तर खाली रस्त्याच्या बाजूला हाताला येईल अशी बेल बसवा आणि माल बाहेर नेऊन दाखवा. हे रॅम्पच्या बरोबरीचे नाही, पण चिठ्ठीपेक्षा बरे.

रॅम्पची रुंदी चार फूट घ्या. खेड्यावरून येणाऱ्या बऱ्याच जणांकडे व्हीलचेअर नसते, हाताने चालवायची तीनचाकी सायकल असते आणि ती रुंदही असते, लांबही. ती दुकानभर फिरणार नाही, पण ओट्यावर चढून गल्ल्यापर्यंत आली तरी काम होते.

गुळगुळीत फरशीचा उतार करू नका. पावसाळ्यात आपली काळी माती चाकाला लाडवासारखी चिकटते आणि ओल्या टाइल्सवर तीच घसरवते. उठावाची चेकर प्लेट किंवा खरबरीत काँक्रीट घ्या आणि पायथ्याशी चिखल झडायला लोखंडी जाळी बसवा. जाळीच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा मोठ्या नकोत आणि त्या चाकाच्या दिशेला आडव्या हव्यात, नाहीतर बाबागाडीचे पुढचे चाक अडकते. दारातल्या उंबरठ्यालाही हेच माप, अर्ध्या इंचाहून उंच नको. रॅम्पच्या दोन्ही कडांना कठडा हवा, एक दांडी अडीच फुटांवर आणि दुसरी तीन फुटांवर. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात मे महिन्यात दुपारी तीन वाजता लोखंडी दांडीला हात लावून पाहा, म्हणजे आम्ही तिच्यावर पीव्हीसीचे आवरण का चढवतो ते कळेल.

काउंटर

सगळा काउंटर बदलायची गरज नाही. गल्ल्याजवळचा तीन फुटांचा तुकडा अडीच फूट उंचीचा करा आणि त्याखाली गुडघे जातील एवढी जागा मोकळी ठेवा. वजनकाट्याचा आकडा बसलेल्या माणसाला दिसेल असा फिरवा. रोजचा माल जमिनीपासून सव्वा ते चार फुटांच्या मधल्या फळ्यांवर लावा.

कायद्याचे थोडक्यात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा आहे. त्यात सरकारीच नव्हे, खासगी सेवा देणाऱ्यांवरही सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना सहज येता-जाता येईल अशी सोय ठेवण्याची, जबाबदारी टाकली आहे. नियम 2017 मध्ये आले. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सुगम्यतेचे निकष नुसते सुचवलेले असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, त्यानंतर 50,000 ते 5 लाख. दंडाची भीती घालून रॅम्प विकायची आमची पद्धत नाही, माहिती असावी म्हणून लिहिले.

मोजमापाला बोलावण्याआधी

गाळ्याची आतली रुंदी, शटरची रुंदी, ओट्याची रस्त्यापासूनची उंची आणि नालीची रुंदी मोजून ठेवा. समोरच्या रस्त्याचे डांबरीकरण व्हायचे असेल तर आधी सांगा, रस्ता चढला की रॅम्पचे माप बदलते. ओट्याचा फोटो रस्त्यावरून काढून व्हॉट्सॲपवर पाठवला तरी अंदाज देता येतो. दर लोखंडाच्या त्या दिवशीच्या भावाने, किलोप्रमाणे. मापाला येण्याचे पैसे नाहीत. आठवडी बाजाराच्या दिवशी मात्र बोलावू नका, त्या दिवशी तुमच्या दुकानात टेप धरायला माणूस मोकळा नसतो.