परवाची पाणीपुरी निर्दोष आहे

सोसायटीत दोघांना कावीळ झाली आणि खापर फुटलं कोपऱ्यावरच्या पाणीपुरीवाल्यावर. ‘परवाच तर खाल्ली होती!’ परवाच खाल्ली असेल, तर त्या पाणीपुरीची सुटका झाली. दूषित अन्नपाण्यातून कावीळ करणारा हिपॅटायटिस-एचा विषाणू पोटात गेल्यावर डोळे पिवळे व्हायला साधारण चार आठवडे लागतात. आठवायचंच असेल तर गेल्या महिन्यातलं आठवा.

हा महिना नीट मोजणाऱ्यांत एक खेडेगावचा डॉक्टर होता. विल्यम पिकल्स, गाव एस्गार्थ, इंग्लंडमधलं यॉर्कशर. १९२९ साली त्यांच्या वेन्स्लीडेल खोऱ्यात काविळीची साथ आली. वस्ती ५,७०० च्या आसपास, त्यात सुमारे २५० जण आजारी. विषाणू तेव्हा कुणी पाहिलाच नव्हता, तो दिसला १९७३ साली. पिकल्सकडे होत्या फक्त तारखा आणि गावातली ओळखपाळख.

गंमत इथेच आहे. शहरात दोन माणसं रोज भेटतात, मग लागण सोमवारची की शुक्रवारची, कसं ठरवणार? संपर्क आठवडाभराचा असेल, तर उत्तरातही आठवडाभराची चूक राहते. खोऱ्यात मात्र एखादा माणूस रोग्याला एकदाच, तासाभरापुरता भेटलेला सापडतो. भेटीची तारीख एक, आजारी पडल्याची तारीख एक. वजाबाकी केली की झालं. एक मुलगी सकाळी अंथरुणात होती. आज ही उठायची नाही, असं डॉक्टरांना वाटलं. दुपारी ती गावच्या जत्रेत हजर! तिथे तिच्याकडून लागण झालेल्यांच्या तारखा आयत्याच हाती आल्या. अशा भेटी जुळवत पिकल्सनी अंतर काढलं: २६ ते ३५ दिवस.

एकदा हे अंतर कळलं की गणित उलटं चालवता येतं. नवा रोगी आला की महिनाभर मागे जायचं आणि विचारायचं, तेव्हा कुठे गेला होतास? विषाणू विष्ठेतून सर्वांत जास्त बाहेर पडतो तो डोळे पिवळे होण्याआधीच. म्हणून रोगी ओळखू येईपर्यंत पुढची तुकडी तयार झालेली असते आणि साथ महिन्या-महिन्याच्या लाटांनी येते.

(काविळीवर उतारा म्हणून घालतात ती माळ दिवसेंदिवस लांबते, कारण काड्या सुकून गाठी सैल होतात. ही कावीळ बहुतेकदा आपोआप बरी होते. श्रेय माळ घेते.)

पिकल्सची पत्नी गर्टी रोजच्या नोंदींचे तक्ते भरायला मदत करायची. कोणत्या गावात, कोणत्या दिवशी, कोणता आजार. प्रयोगशाळा म्हणाल तर एवढीच.