पट्ट्या आणि ठिपके: पिवळ्या फरशांचा घोळ एकदाचा मिटवू या

फूटपाथवर आणि मेट्रो स्टेशनात दृष्टिहीनांसाठी बसवलेल्या पिवळ्या फरशा दोन प्रकारच्या असतात. एकीवर लांब पट्ट्या, दुसरीवर गोल ठिपके. माप सहसा 300 बाय 300 मिमी, उठाव साधारण 5 मिमी, रंग तोच. म्हणूनच ठेकेदाराला त्या एकच वाटतात आणि हाताला लागेल ती फरशी बसते.

पट्ट्यांचं काम बहुतेकांना ठाऊक असतं: पट्ट्या ज्या दिशेला, त्या दिशेने चालत राहा. दोन्ही बाजूंना निदान 600 मिमी मोकळे ठेवा. रांग सरळ विजेच्या खांबावर नेऊन आदळवण्याची आपल्याकडची कला आता पुरे. एक मात्र लक्षात ठेवा, पट्टी आडवी बसली की अर्थ उलटतो. ब्रिटनमध्ये जिन्याआधी गोल माथ्याच्या पट्ट्या मुद्दाम आडव्या टाकतात, आणि तिथे त्या धोक्याची सूचना असतात.

खरा घोळ ठिपक्यांचा. ठिपके म्हणजे रस्ता नव्हे. इथे काहीतरी बदलतंय, थांबा, काठीने चाचपा, मग ठरवा, एवढंच ते सांगतात. जपानमध्ये सेइइची मियाके यांनी ही कल्पना काढली आणि 1967 मध्ये ओकायामा शहरात अंधशाळेजवळच्या रस्त्याच्या कडेला पहिल्या फरशा बसल्या, त्याही ठिपक्यांच्याच. आपण मात्र अख्ख्या फूटपाथभर ठिपके अंथरतो. मग प्रत्येक पावलाला ‘सावधान’ ऐकणाऱ्या माणसाला खरी पायरी आल्याचं कळणार कसं? शिवाय व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्यावर सतत थडथडतात आणि कुबडीची टोकं नीट टेकत नाहीत.

ठिपके हवेत ते जिन्याच्या वर आणि खाली, प्लॅटफॉर्मच्या कडेला, पट्ट्यांची वाट वळते किंवा फुटते तिथे, आणि फूटपाथचा उतार रस्त्याला मिळतो तिथे. ही शेवटची जागा सर्वात जास्त विसरली जाते. फूटपाथची कड काठीला लागते, त्यावरून रस्ता आल्याचं कळतं. व्हीलचेअरसाठी 1:12 चा (बारा फुटांत एक फूट चढणारा) उतार केला की ती कड नाहीशी होते आणि दृष्टिहीन माणूस नकळत वाहनांत उतरतो. गेलेल्या कडेची भरपाई ठिपके करतात, म्हणून ते उताराच्या पायथ्याशी पूर्ण रुंदीभर हवेत. मधोमध दोन फरशा चिकटवून चालत नाही, कारण माणूस बाजूने निघून जातो.

दुसरी चूक खोलीची, म्हणजे चालण्याच्या दिशेने ठिपके किती अंतर पसरतात त्याची. एकच ओळ म्हणजे 300 मिमी, आणि मोठ्या माणसाचं पाऊल सहज 600 मिमीच्या वर पडतं. तो एका पावलात ती ओलांडतो, पायाला काही लागतच नाही. अमेरिकी नियमात ही खोली 24 इंच, म्हणजे सुमारे 610 मिमी आहे. दोन ओळी टाका, काटकसर दुसरीकडे करा. जिन्याजवळ त्या पहिल्या पायरीच्या अगदी कडेला न लावता साधारण 300 मिमी अलीकडे संपवा, थांबायला जागा उरते.

वळणावर पट्ट्यांना पट्ट्या काटकोनात भिडवू नका. तिथे चार ठिपक्यांच्या फरशांचा 600 मिमीचा चौकोन करा. हलक्या वक्राला चौकोन लागत नाही, पट्ट्यांच्या फरशा थोड्या कापून बसवल्या तरी पुरे.

जपानी स्टेशनांतली एक गोष्ट मला फार आवडते: प्लॅटफॉर्मच्या ठिपक्यांना आतल्या, सुरक्षित बाजूला एक सरळ पट्टी जोडलेली असते. ठिपक्यांवर उभ्या माणसाला रूळ कुठल्या बाजूला, ते पायालाच समजतं.

रंग आणि साहित्याचं थोडक्यात. राखाडी ग्रॅनाइटवर ‘दिसायला छान’ म्हणून राखाडी ठिपके लावू नका, कमी दिसणाऱ्यांना रंगातला फरकच उपयोगी पडतो. गुळगुळीत स्टीलचे ठिपके पावसात घसरतात. चेंबरचं झाकण वाटेत आलंच तर त्यावरही फरशी बसवा, आणि झाकण परत लावताना दिशा तपासा.

बहुतेक घोळाचं मूळ अंदाजपत्रकात असतं. ‘टॅक्टाइल टाइल्स, इतके चौरस मीटर’ असा एकच आयटम लिहिला की गवंड्याला दोष देऊन काय उपयोग? पट्ट्या आणि ठिपके वेगवेगळे आयटम लिहा, आणि नकाशावर ठिपक्यांची प्रत्येक जागा मापासकट दाखवा.