आधी जागा, मग पान, शेवटी फूल: विंध्यातल्या आमरी ओळखताना

इंदूरहून महू ओलांडून चोरल किंवा जानापावकडे निघालं की जुन्या आंब्यांवर, मोहांवर कधीकधी हिरव्या पट्ट्यांसारख्या पानांचा झुबका दिसतो. बघणारा बहुतेक वेळा ‘बांडगूळ लागलंय’ म्हणतो, आणि झाडाचा मालक जवळपास असला तर तो कोयता मागवतो. खरंच बांडगूळ असेल तर कोयता योग्यच, कारण ते आपली मुळं फांदीच्या आत घुसवून झाडाचं पाणी आणि क्षार ओढतं. पण पानं समोरासमोरच्या दोन रांगांत लागलेली, मधोमध दुमडलेली आणि टोकाशी ओबडधोबड कापलेली असतील, शिवाय जाड पांढरट मुळं हवेत मोकळी लोंबत असतील, तर कोयता खाली ठेवा. ती रास्ना आहे, शास्त्रीय भाषेत वांदा टेसेलाटा. माळव्यात झाडावर राहणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, दिसली तर ती हीच असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

रास्ना झाडाकडून आधारापलीकडे काही घेत नाही. तिच्या मुळांवर मृत पेशींचा एक सच्छिद्र थर असतो, त्याला व्हेलामेन म्हणतात. पावसाची सर आली की हा थर भराभर पाणी शोषतो. कोरडा असताना पांढरा दिसतो, भिजला की आतलं हरितद्रव्य त्यातून दिसू लागतं आणि मूळ हिरवं होतं. पानांवरची रंध्रं ती मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड साठवून घेते आणि दिवसा दारं लावून त्यावर काम करते. मे महिन्यातल्या इथल्या उन्हात मातीचा आधार नसताना ती टिकते ती या दोन सोयींमुळे.

फूल आलं की ओळखू, असं म्हणून बरेच जण थांबतात. मला ही पद्धत उलटी वाटते. रास्नाचंच फूल घ्या: कुठे पिवळसर, कुठे हिरवट, कुठे तपकिरी, त्यावर जाळीदार नक्षी आणि खाली निळसर जांभळा ओठ, म्हणजे निराळ्या घडणीची एक पाकळी. रंगावर भिस्त ठेवली तर एकाच जातीच्या तीन जाती होतील. आमरी कुठे उभी आहे, कोणत्या महिन्यात दिसली आणि तिला पानं कशी आहेत, हे आधी टिपलं तर अर्धं नाव फुलाआधीच हाती येतं. पानगळीच्या जंगलातही राहणारी अकाम्पे ही रास्नाची सावत्र बहीण शोभावी अशी आमरी आहे. तिची पानं जास्त मांसल, रुंद आणि ताठ असतात. फुलं मात्र लहान, पिवळी, त्यांवर तांबूस आडव्या रेघा आणि पांढरा ओठ.

पुण्या-कोकणातले नातेवाईक जूनमध्ये ‘सीतेची वेणी’चे फोटो पाठवतात, ठिपक्यांच्या गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लोंबता गजरा. तसं आपल्या साग-पळसाच्या जंगलात का दिसत नाही? इंदूरला वर्षाकाठी सुमारे ९५ सेंटीमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडावर उघड्यानं काढणं थोड्याच आमरींना जमतं. मध्य भारताच्या कोरड्या जंगलात खरी चलती आहे ती जमिनीवरच्या आमरींची. त्या कंदाच्या रूपात मातीखाली पडून राहतात आणि पावसाच्या बोलावण्यावर वर येतात. विंध्यात आमरी बघायला जाणाऱ्यानं म्हणूनच मान वर करण्याइतकीच खालीही घालावी.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटते ती नर्व्हिलिया. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून नुसता फुलाचा दांडा येतो, पान एकही नाही. फुलं वाळून जातात आणि मग, जणू दुसरंच झाड असावं तसं, चुण्या पडलेलं एकच गोलसर पान वर येतं. पान आणि फूल एकत्र भेटत नाहीत. जुलैत पान पाहणारा आणि जूनमध्ये फूल पाहणारा, दोघांनाही आपण एकच वनस्पती पाहिली हे कळायला ती जागा नेमकी लक्षात ठेवावी लागते.

जिओडोरमचा फुलोरा टोकाशी वाकून खाली बघत असतो आणि फळं धरली की तोच दांडा सरळ होतो. युलोफियाचे कंद मोठे असतात, तिच्या काही जाती आमरकंद म्हणून ओळखल्या जातात.

ऑगस्टमध्ये गवताळ उतारावर मात्र हबेनेरियांचं राज्य असतं, आणि इथे फूल नीट वाचावंच लागतं. आमरीच्या फुलाला बाहेरची तीन दलं आणि आतल्या तीन पाकळ्या असतात. आतल्यांपैकी एक पाकळी निराळी घडते, तो ओठ. हबेनेरियात त्याच्या मागे मधाची नळी असते, ती शुंडिका. फुलाचा देठ वाटतो ते मुख्यतः अंडाशय असतं आणि त्यावर पीळ दिसतो, कारण कळी उमलताना ओठ खाली यावा म्हणून अर्धा फेर घेते. हबेनेरिया मार्जिनाटाची पानं जमिनीलगत, त्यांना पिवळसर कड, फुलं पिवळी. फर्सिफेराची फुलं हिरवी, ओठ तीन धाग्यांत चिरलेला. प्लँटॅजिनियाची पांढरी, ओठाच्या दोन्ही बाजू पंख्यासारख्या पसरट. पांढरं फूल आणि लांब शुंडिका ही जोडी रात्री उडणाऱ्या, लांब सोंडेच्या पतंगांसाठी असते. शुंडिका अंडाशयाहून लांब की आखूड, यावर जातीचा निवाडा अनेकदा होतो. फोटो नुसता समोरून काढला तर नेमकी तीच दिसत नाही, आणि मोबाइलवरचं ओळख सांगणारं अ‍ॅप ‘हबेनेरिया’ म्हणून तिथेच थांबतं. एक फोटो फुलाचा बाजूनं, एक पानांचा, एक आजूबाजूच्या जागेसकट काढावा.

फूल तोडू नये आणि कंद तर मुळीच उकरू नये, हे मी कळकळीनं सांगते. आमरीच्या एका बोंडात हजारो बिया असतात, पण धुळीएवढ्या. त्यांत अन्नाचा साठा नसतो. रुजायला मातीतल्या ठरावीक बुरशीची साथ लागते. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांच्या ध्यानात हे १८९९ मध्ये आलं. कुंडीत आणलेली आमरी म्हणून बहुधा हळूहळू संपते. हिमालयातल्या सालमपंजा या औषधी आमरीच्या कंदांच्या जागी युलोफियाचे कंद खपवले जातात, त्यासाठी ते खणले जातात. म्हणून फोटो टाकताना गावाचं नाव पुरे, नेमका टेकाडाचा पत्ता नको.

पावसाळा हुकला तरी हिवाळ्यात एक आमरी शोधता येते. झ्युक्झिन स्ट्रॅट्यूमॅटिका ओलसर गवतात, कालव्याच्या काठावर, क्वचित हिरवळीतही उगवते. बोट-दीड बोट उंची, गवतासारखी अरुंद, कधी तांबूस पानं आणि टोकाला दाटीनं बसलेली इवलीशी पांढरी फुलं, ओठ पिवळा. डिसेंबर ते मार्च हा तिचा काळ. गवत कापायच्या आधी बागेच्या पाणथळ कोपऱ्यात उकिडवं बसून पाहिलं तरच ती दिसते.